पिन, गोळा आणि पाटा-वरवंटा

मिस्त्रींनी माझ्या उजव्या हातात ट्रॉलीची पिन ठेवली, डाव्या हातात लोखंडी गोळा ठेवला आणि विचारलं, "बोला पाव्हणं, यातलं कुठलं?"

दोन्ही वस्तू चांगल्याच जड होत्या. पिन वीत-दीड वीत लांब, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. गोळा मोसंबीएवढा, खालच्या बाजूला बोल्टसारखे आटे असलेला. शेडमधल्या तिन्ही कामगारांनी वेल्डिंग थांबवलं होतं आणि काळ्या काचा कपाळावर चढवून ते माझ्याकडं बघत होते. पलीकडं घराच्या ओट्यावर काकू, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, सुपात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांच्या मागं दारात कांचन उभी होती. तिच्याकडं बघायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि दर मिनिटाला ते मोडत होतो.

ही ब्याण्णव सालची गोष्ट. फलटणहून लोणंदकडं जाणाऱ्या रस्त्यावर गणपतराव भालेकरांचा ट्रॉल्या बनवायचा कारखाना होता. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत, बायकोसुद्धा. तीन आठवड्यांपूर्वी मी आई आणि मामाबरोबर त्यांची मुलगी बघायला आलो होतो. मी तेव्हा भोसरीत एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होतो, वय सत्तावीस, आणि मला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाचा मला मनस्वी कंटाळा होता. त्याआधी मी चार ठिकाणी पोहे खाऊन आलो होतो.

इथं मात्र वेगळंच झालं. कांचन पोह्यांचा ट्रे घेऊन आली, टिपॉयवर ठेवायला वाकली आणि टिपॉय डुगडुगला. तिनं ट्रे तसाच एका हातावर तोलला, कोपऱ्यातल्या जुन्या कॅलेंडरचा तुकडा फाडून घडी केली, पायाच्या अंगठ्यानं टिपॉयच्या आखूड पायाखाली सरकवली आणि मग ट्रे ठेवला. माझा मामा तेव्हा माझ्या पगाराबद्दल बोलत होता, त्यामुळं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र पुढचं काही ऐकूच आलं नाही. परतताना एसटीत मी आईला सांगून टाकलं की माझा होकार आहे आणि उद्याच कळव.

आईनं कळवलं. फलटणहून उत्तर नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. मामा म्हणाला, मुलीकडच्यांनी इतका वेळ घेतला म्हणजे समजून जा. मी समजून जायला तयार नव्हतो. जेवण जाईना, ऑफिसात ड्रॉइंगवर मापं उलटीसुलटी पडू लागली. एकविसाव्या दिवशी मिस्त्रींचा फोन आला, तोही थेट ऑफिसात. लग्नाबद्दल अवाक्षर नाही. म्हणाले, "तुमी इंजिनेर हाय न्हवं? एक हुक निवडायचाय. शनवारी या."

तो हुक ज्या गाडीसाठी होता ती शेडच्या मधोमध उभी होती. दोन चाकांवरचं चक्क एक घर. वर पत्र्याचं छप्पर, बाजूला निळा रंग, तीन खिडक्या. जीपच्या मागं जोडून ते गावोगाव न्यायचं. परदेशात अशी घरं असतात हे मला मासिकातल्या चित्रांवरून माहीत होतं, पण फलटणमध्ये बघेन असं वाटलं नव्हतं. मी दोनदा त्याला चक्कर मारली.

त्यामागची हकिगत कामगारांनी मला चहाच्या वेळी सांगितली. काकूंनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. लग्न झालं त्या वर्षी मिस्त्रींनी दाखवतो म्हणून सांगितलं होतं, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. आधी कारखाना, मग पोरं, मग काकूंचा गुडघा. उकिडवं बसणं बंद झालं आणि त्यांनी परगावी मुक्कामाला जायचंच सोडलं. लग्नाला जायच्या ते सकाळी जाऊन संध्याकाळी परत. कुठं लॉजमध्ये राहायचं म्हटलं की त्यांचा एकच प्रश्न, तिथलं संडास कसलं आहे? शेवटी मिस्त्री म्हणाले, तू घर सोडून येत नाहीस ना, मग घरच नेतो. दीड वर्ष रविवारी-रविवारी खपून त्यांनी ते बांधलं.

आणि बांधलं तेही अगदी घरासारखं. पुढं सोपा, म्हणजे बसायची खोली, तिला मोठी खिडकी. मधे झोपायची खोली, म्हणजे एक दिवाण. सगळ्यात मागं स्वयंपाकघर, त्याच्या कोपऱ्यात कमोडची मोरी आणि वर दोनशे लिटर पाण्याची टाकी. मागच्या दाराबाहेर पायरीवर तुळशीची कुंडी ठेवायला कडीसुद्धा होती. मी कौतुक केलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "सोपा म्होरं, चूल मागं. घर म्हनल्यावर असंच असतंय."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या पुण्याच्या दोन खोल्यांतही स्वयंपाकघर मागंच होतं.

तर हातात पिन आणि गोळा. मिस्त्रींचा कल पिनेकडं होता हे सांगायला नकोच. त्यांच्या ट्रॉल्या वीस वर्षं पिनेवर ऊस ओढत होत्या. ट्रॅक्टरच्या मागच्या पट्टीला भोक, ट्रॉलीच्या दांडीला कडं, वरून पिन टाकली की झालं. गोळा त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारात उचलला होता, कुठल्याशा परदेशी होडीच्या गाड्याचा. गोळा जीपला बसवायचा, दांडीच्या टोकाला त्यावर बसणारी लोखंडी वाटी, आणि वाटीचा खटका लावला की ती गोळ्याला घट्ट धरून ठेवते.

मी शुक्रवारी रात्री वाचनालयातून आणलेलं इंग्रजी पुस्तक अर्धं पाठ करून आलो होतो. मी सांगितलं की पिनेला कड्यात बोटभर जागा मोकळी असते. ट्रॅक्टर बैलाच्या चालीनं जातो म्हणून ती चालून जाते. जीप पन्नासनं पळायला लागली की दर खड्ड्याला दणका बसणार, मागून ढकलणार, पुढून ओढणार. गोळ्याला मोकळीक नाही, तरी तो सगळीकडं वळतो. शिवाय नुसता हुक निवडून भागत नाही, असंही मी ऐकवलं. एकूण वजनाचा दहावा हिस्सा दांडीच्या टोकावर, म्हणजे हुकावर यायला हवा. कमी आला तर गाडी शेपूट हलवते. हे वाक्य पुस्तकातलं होतं आणि मी ते फार ऐटीत म्हटलं.

मग मी शेजारच्या आडतीतून धान्याचा काटा मागवला आणि सगळ्यांसमोर दांडीचं टोक त्यावर टेकवलं. घराचं वजन मिस्त्रींच्या हिशेबानं साडेसातशे किलो. काटा पंचाहत्तरवर थांबला. एक किलो इकडं नाही, तिकडं नाही. कामगारांपैकी एकानं चक्क टाळी वाजवली. मी दाराकडं बघितलं तर कांचन हसत होती. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की आज आठवलं तरी लाज वाटते.

मिस्त्रींनी गोळा माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "ठीक. उद्या लोणंदपातूर जाऊन येऊ. तुमचा गोळा टिकला तर म्होरलं बोलू."

म्होरलं म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं नाही. मला ते विचारायची गरजही वाटली नाही. तो मुक्काम मी त्यांच्या भाच्याकडं केला आणि रात्रभर गोळ्यासाठी देवाचा धावा केला.

रविवारी सकाळी आठला मी पोचलो तर घराची मांडामांड जोरात चालली होती. काकूंचं म्हणणं, रिकामं घर कशाला फिरवायचं, जसं नेणार तसंच न्या. पहाटे उठून कामगारांनी गाडीतल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर कडप्पा बसवला होता. टाकी पाण्यानं काठोकाठ भरली होती. गॅसची टाकी, ज्वारीच्या पिठाचे दोन डबे, तांदूळ, डाळी, तेल, लोणच्याच्या बरण्या, सगळं मागच्या दारानं आत जात होतं. शेवटी काकूंनी पाटा-वरवंटा आणायला सांगितला. मिस्त्री म्हणाले, मिक्सर घे की. काकू म्हणाल्या, समुद्रावर मिक्सरची चटणी खायला मी अठ्ठावीस वर्षं थांबले का? दोघा कामगारांनी मिळून पाटा उचलून मागं नेऊन ठेवला.

पाट्यापाठोपाठ काकू मागच्या पायरीवर चढल्या. तेवढ्यात पुढं जीपपाशी लोखंडाचा खट्ट असा आवाज झाला. त्या थबकल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. पुन्हा खट्ट. त्या जाऊन मिस्त्रींच्या कानाशी काहीतरी बोलल्या. मिस्त्रींनी घड्याळ दाखवलं आणि जीपचं दार उघडून दिलं. मी हे सगळं बघत होतो, पण माझं लक्ष वाटीच्या खटक्यावर होतं.

मिस्त्री जीप चालवायला, शेजारी मी, मागच्या बाकावर काकू आणि कांचन. पहिले चार मैल सुरेख गेले. घर मागून गुमान येत होतं, दणका नाही, आवाज नाही. मिस्त्री आरशात बघत होते आणि मान हलवत होते. मी मनातल्या मनात पत्रिका छापायला टाकली होती.

मग तो उतार आला. फार मोठा नव्हता, पण रस्ता नवीन केलेला आणि गुळगुळीत, त्यामुळं जीपनं वेग घेतला. पंचेचाळीस झाले, पन्नास झाले आणि मागून कुणीतरी जीपचं कंबरडं धरून हलवल्यासारखं झालं. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. आरशात निळं घर दिसे, गायब होई, दुसऱ्या आरशात दिसे. मिस्त्रींनी ब्रेक दाबला तशी ओढ आणखी वाढली. मी ओरडलो की ब्रेक सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, नुसता पाय काढा. त्यांनी काढला. उतार संपून चढ लागला, वेग आपोआप मोडला आणि आम्ही एका बाभळीजवळ रस्त्याच्या कडेला थांबलो. घरात मागं एक डबा गडगडत राहिला होता, तो थांबल्याचा आवाज आला.

कुणाला काही झालं नव्हतं. उतरल्यावर पहिलं लक्षात आलं ते म्हणजे तुळशीची कुंडी पायरीवर नव्हती. कांचन ती शोधायला रस्त्यानं मागं चालू लागली.

आम्ही दोघे हुकाशी वाकलो. गोळा शाबूत, वाटी शाबूत, खटका जागच्या जागी. मिस्त्री म्हणाले, तुमचा गोळा सगळीकडं वळतो म्हणत होता ना, हे बघा वळला. मी म्हटलं, गोळ्याचा काही संबंध नाही. मग कशाचा, ते म्हणाले. मी टायरमधली हवा म्हटलं, रस्त्याचा ढाळ म्हटलं, वारा म्हटलं. बाभळीचं पान हलत नव्हतं.

त्यावर मिस्त्रींनी जीपच्या पेटीतून पिन बाहेर काढली. ती त्यांनी बरोबर आणली होती. एवढंच नव्हे, तर वाटी काढून तिथं कडं लावता यावं म्हणून आदल्या संध्याकाळी दांडीला जादा भोकंही पाडून ठेवली होती. माझ्या गोळ्यावर त्यांचा इतका विश्वास होता. अर्ध्या तासात आम्ही गोळा आणि वाटी काढून कडं बसवलं, पिन टाकली आणि सगळे पुन्हा जीपमध्ये बसलो. कांचन कुंडी मांडीवर घेऊन बसली होती. कुंडीचा काठ उडाला होता, तुळस धडधाकट होती.

पिनेवर आम्ही जेमतेम दोन फर्लांग गेलो. तीच शेपूट, तीच ओढ, वर दर हेलकाव्याला लोखंडाचा ठणठणाट. मिस्त्रींनी जीप बाजूला घेतली.

आता आम्ही दोघेही हरलो होतो. मी पिन काढली, जीप पुढं सरकवली, दांडीखाली दगड लावला. पुढं काय करायचं हे मात्र मला माहीत नव्हतं. मिस्त्री पाठीमागं हात बांधून शेताकडं बघत उभे राहिले. माझ्या डोक्यात पुस्तकाची पानं उलटत होती आणि एकाही पानावर काही लिहिलेलं दिसत नव्हतं. म्होरलं बोलणं आता होणार नाही, संध्याकाळच्या एसटीनं मी परत जाणार आणि ती टिपॉयची घडी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाणार, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. मला रडू यायचं बाकी होतं.

काकू एका दगडावर बसल्या होत्या. ओच्यात शेंगा त्यांनी बरोबर आणल्या होत्या आणि त्या निवांत फोडत होत्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी त्यांच्याकडं वळलो.

"काकू, तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. मग पदराला हात पुसले, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि दांडीपाशी गेल्या. वाकून त्यांनी तिच्या टोकाखाली एक हात घातला. ताटावरचं झाकण उचलावं तशी दांडी वर आली.

"उलाळ झालीय गाडी," त्या म्हणाल्या.

मला तो शब्द माहीत नव्हता. मिस्त्रींना होता. ते वळले आणि त्यांनी काकूंच्या हातातल्या दांडीकडं असं बघितलं की जणू ती पहिल्यांदाच बघत होते.

काकूंनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या वडिलांची बैलगाडी होती. मागं भार जास्त झाला की गाडी मागं कलते, पुढचं जू वर उठतं, बैलांच्या खांद्यावर वजनच राहत नाही आणि गाडी वाट सोडून हिंदकळते. ती उलाळ. बाजाराला जाताना असं झालं की वडील सगळ्यात थोरलीला, म्हणजे यांना, हाक मारायचे, पोरी, पुढं सरक. मग या पोत्यांवरून रांगत पुढं येऊन बसायच्या आणि गाडी ताळ्यावर यायची. "सगळा सौंसार मागं भरलाय," त्या म्हणाल्या. "म्होरं सोप्यात काय हाय? एक उशी."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पंचाहत्तर किलो मी तोलले होते ते रिकाम्या घराचे. कडप्पा नाही, पाणी नाही, पीठ नाही, पाटा नाही. दहावा हिस्सा, दहावा हिस्सा म्हणून मी दिवसभर मिरवलो आणि तो मागच्या दारानं निघून गेला तेव्हा मी तिथंच उभा होतो. दोन वेळा खट्ट आवाज झालेला मी माझ्या कानांनी ऐकला होता.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी रिकामं तोललं."

मिस्त्री म्हणाले, "माझा आजा गाड्या करायचा. शंभर गाड्या केल्या आसतील त्यानं." आणि खाली बसून त्यांनी आपलं कपाळ बडवलं. आणि मग ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. त्यांना हसताना बघून काकू हसू लागल्या, कांचन कुंडी सांभाळत हसू लागली, आणि शेवटी माझाही नाइलाज झाला. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला आमच्याकडं बघत बघत खड्ड्यात गेला.

पुढचा तासभर मी जितकं काम केलं तितकं भोसरीत महिन्याभरात केलं नसेल. निम्मी टाकी बाभळीच्या मुळाशी रिकामी केली. पिठाचे डबे, गॅसची टाकी, तांदूळ, बरण्या, सगळं उचलून पुढं सोप्यात आणलं. पाटा मी एकट्यानं उचलला, कारण कांचन बघत होती. काकू दांडीपाशी उभ्या राहून हातानं अंदाज घेत होत्या आणि अजून, अजून म्हणत होत्या. वरवंटा पुढं आला तेव्हा त्यांनी दांडी सोडली. मी उचलून बघितली तर दोन्ही हात लावावे लागले.

मिस्त्रींना एकच गोष्ट खुपत होती. सोप्यात चूल आणि पाटा, बघणारे काय म्हणतील? काकू म्हणाल्या, बघणारे मागं राहतील, आपण म्होरं जाणार हाय. गोळा पुन्हा बसवायचा की पिन ठेवायची हे मिस्त्रींनी या वेळी मला विचारलं नाही, काकूंना विचारलं. काकूंनी पिन आणि गोळा दोन्हींकडं बघितलं. त्या म्हणाल्या की पिनेनं फार ठणठण होतं, बरण्या फुटतील. असा गोळा पसंत झाला. माझ्या पुस्तकाचा उपयोग झालाच म्हणायचा तर एवढाच झाला.

आम्ही गाडी वळवून परत त्याच उतारावर नेली. पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न. घर मागून असं सरळ येत होतं की मिस्त्रींना दोनदा आरशात बघून खात्री करावी लागली. कांचननं मागून जोरात शिटी मारली. मुलगी बघायला आलेल्या माणसासमोर मुलीनं शिटी मारल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. लोणंदला पोचून आम्ही घरातच बसून जेवलो. सोप्यातल्या खिडकीशी गॅस पेटवून काकूंनी पिठलं टाकलं, पाट्यावर मिरचीचा खर्डा वाटला. मी पाच भाकरी खाल्ल्या. तीन आठवड्यांची भूक होती ती.

परत आल्यावर शेडमध्ये जीप उभी करून मिस्त्रींनी किल्ली खिशात टाकली आणि सगळ्यांच्या देखत काकूंना विचारलं, "काय, मग? पाव्हण्यांना काय सांगायचं?"

तेव्हा मला कळलं की एकवीस दिवस उत्तर मिस्त्रींनी अडवलेलं नव्हतं.

काकू म्हणाल्या, "सांगायचं काय त्यात? ओटा काढून म्होरं बसवायचाय. त्यो ह्यांच्याकडनं मोजून घ्या. भरलेलं घर मोजा म्हनावं ह्या खेपेला." आणि मग आत जाता जाता, "साखर आन गं कांचन, तोंड गोड कर सगळ्यांचं."

मी तिथंच एका ट्रॉलीच्या चाकावर बसून घेतलं. कांचननं साखरेची वाटी माझ्यापुढं धरली आणि हळूच म्हणाली की गोळा खरंच छान होता.

वैशाखात लग्न झालं. दिवाळीनंतर आम्ही चौघे निळं घर घेऊन कोकणात उतरलो, गुहागरला. मिस्त्रींनी घर अशा बेतानं उभं केलं की सोप्याची खिडकी समुद्राकडं आली. ओटा आता त्याच खिडकीशी होता. मूळच्या जागी राहिला असता तर काकूंना भाकरी थापताना रस्ता आणि एक विजेचा खांब दिसला असता. त्या आठ दिवस समुद्राकडं बघत भाकऱ्या थापत होत्या आणि दर थोड्या वेळानं मिस्त्रींना हाक मारून लाटा दाखवत होत्या, जणू मिस्त्रींना त्या दिसत नव्हत्या. तिथंच एका संध्याकाळी कांचननं मला सांगितलं की त्या रविवारी सकाळी, पायरीवर चढताना दांडीचा आवाज झाला तेव्हाच आईला कळलं होतं. तिनं वडिलांना सांगितलंही होतं. आणि त्यांनी घड्याळ दाखवल्यावर ती गप्प बसली. कुणी विचारतं का ते बघत बसली, शेंगा फोडत.

याला आता तीस वर्षं होऊन गेली. माझ्या सासूबाईंनी चारचौघांत माझी ओळख करून देताना नेहमी एकच गोष्ट सांगितली, आमच्या जावयानं भर रस्त्यात मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं. ऐकणाऱ्या बायका माझ्याकडं आदरानं बघतात. मी मान खाली घालतो, ते विनयानं असं त्यांना वाटतं. खरं म्हणजे इतकी वर्षं माझ्या मनाला ते टोचत होतं. मिस्त्री गेले त्याला सहा वर्षं झाली. मागच्या मार्गशीर्षात फलटणला गेलो तेव्हा सासूबाई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या, पुढ्यात सूप होतं. मी शेजारी बसलो, शेंगा फोडू लागलो आणि सांगून टाकलं.

"आई, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं ना, ते काही मोठेपणानं विचारलं नव्हतं. मला दुसरं काही सुचतच नव्हतं, म्हणून विचारलं."

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"ठावं हाय की मला," त्या म्हणाल्या. "मिस्त्रींना तरी त्या दिवशी कुठं काय सुचत होतं? त्यांनी विचारलं का?"